न्हाणीच्या भिंतीवरची छत्री

भोकरदनच्या माझ्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला एक जुना मॉनिटर आहे. त्यावर दिवसभर आकडे हलत असतात. इथल्या छतावरून आसपासच्या गावांना मी हवेतून इंटरनेट पाठवते, त्यातली कुठली लिंक किती जोरात चालली आहे ते हे आकडे सांगतात. सगळे आकडे उणे असतात. उणे पंचावन्न म्हणजे झकास, उणे पासष्ट म्हणजे ठीक, आणि उणे ऐंशी म्हणजे आता गावातून फोन येणार. गेल्या आठवड्यात आमच्या स्वतःच्या गावाची लिंक एकाएकी सुधारली. उणे बहात्तरची अडुसष्ट झाली, दोन दिवसांनी त्रेसष्ट. कुणी काही केलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता, मी मात्र उठून कॅलेंडर बघितलं.

फाल्गुन लागलाय, आणि गावात पिंपळ गळतोय.

पान गळलं की आकडा सुधारतो आणि पालवी दाटली की घसरतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. एक अख्खा पावसाळा स्वतःच्या शहाणपणाचे दिवे लावून मी ते शिकले आहे. म्हणून तो सुधारलेला आकडा बघितला आणि कळलं, आमचा पिंपळ वाढून पुन्हा लिंकच्या वाटेत आला. मॉनिटरकडे बघत बसले आणि तो जुना पावसाळा जसाच्या तसा समोर आला. ओल्या शिडीचा वास आला, गंजलेल्या नट-बोल्टांनी काळी झालेली बोटं आठवली, आणि वहिनीचा लाल काठाचा आरसा आठवला.

त्या वर्षी मी संभाजीनगरची नोकरी सोडून नुकतीच भोकरदनला आले होते. तीन वर्षं असल्या लिंका उभ्या करणाऱ्या कंपनीत काढली होती, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. आमचं गाव भोकरदनपासून सरळ रेषेत नऊ किलोमीटर, पण रस्त्याने वळणं घेत पंधरा होतं. गाव उतारावर वसलेलं आणि मागे डोंगर, त्यामुळे मोबाइल म्हणजे नुसता बोलण्यापुरता, तोही छतावर चढलं तर. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, वस्तीत विहार, आणि विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका. भरतीच्या परीक्षा देणारी दहा-बारा पोरं-पोरी तिथे बसायची. कुणीतरी दिलेले तीन जुने कॉम्प्युटर होते, त्यांच्यावर प्लास्टिकचं कापड टाकलेलं असायचं, कारण नेट नसल्यावर त्यांचा उपयोग तरी काय होता?

विहारासमोर बोधिवृक्ष आहे. तो माझ्या वडिलांनी, अण्णांनी लावला. अण्णा एसटीत कंडक्टर होते. विहाराचा पाया घातला त्या वर्षी ते कुठून तरी पिंपळाचं वीतभर रोप घेऊन आले, सबंध प्रवासभर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, आपल्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून. वाटेत एका बाईने त्याच्या शेजारी कोंबडी ठेवली तर अण्णांनी तिला पुढच्या दारापाशी बसवलं, ही गोष्ट मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकली असेल. झाड माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे. वस्तीत मला जितके जण ओळखतात त्याहून जास्त जण त्याला ओळखतात.

आणि माझी वहिनी, संगीता. माझा भाऊ जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये आहे, रविवारी येतो. वहिनी चार वर्षांच्या चिमीला घेऊन गावात राहायची. बारावीला तालुक्यात चांगले गुण मिळवले होते तिने, पुढे बी.ए. बाहेरून केलं, आणि मग कापूस वेचायच्या बायकांत जाऊन उभी राहिली. त्या साली तलाठ्याच्या भरतीची जाहिरात येणार असं सगळीकडे बोललं जात होतं. घरात बोलणं झालं आणि ठरलं की एक वर्ष वहिनी रोजाने जाणार नाही, अभ्यास करेल. परीक्षा झाली की मात्र तिने चिमीला घेऊन भावाबरोबर जालन्याला एका खोलीत राहायचं, तिकडे मिलजवळ बायकांना काम मिळतं. म्हणजे तिच्या हातात ती एकच परीक्षा होती. शहरात क्लासला जायचं तर चिमीला कुठे ठेवणार? आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. आयुष्यात तिने माऊस हातात धरला नव्हता.

"ताई," ती मला म्हणाली होती, "पुस्तकाचं मी बघून घेते. तुम्ही फक्त ते नेट खाली आणा. सराव पेपर सोडवायचेत मला. तिथं जाऊन हात थरथरला तर सगळं आलेलं बी जाईल."

मी म्हणाले, आणलंच समज. तेव्हाही फाल्गुनच होता.

अशी लिंक उभी करायची तर पहिला प्रश्न असतो तो हा, की एका टोकावरून दुसरं टोक दिसतं का. आमच्या घरात याची एक जुनी सोय होती. आमचं वाट्याने केलेलं शेत समोरच्या टेकडाला आहे. भाकरी झाली की आई, आणि आईच्या मागे वहिनी, छपरावर चढून स्टीलचं ताट उन्हात धरायची. शेतात चमक दिसली की अण्णा आणि भाऊ घराकडे निघायचे. नऊ किलोमीटरला ताट पुरणार नाही म्हणून वहिनीने भिंतीवरचा लाल काठाचा आरसा काढला. दुपार कलल्यावर ती विहाराच्या छतावर उभी राहिली आणि मी इकडे भोकरदनच्या छतावर दुर्बीण लावून बसले. पाच मिनिटांत तिकडे एक कण चमकला, इतका स्वच्छ की मी दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितला. छतावर मी एकटीच नाचले.

मधे झाड होतं हे मला माहीत नव्हतं का? छतापासून दहा पावलांवर, अगदी समोर होतं. पण फाल्गुनातला पिंपळ म्हणजे नुसता काड्यांचा पसारा. त्यातून आकाश दिसत होतं, आरसाही दिसला. आणि खरं सांगायचं तर बोधिवृक्षाला अडथळा म्हणून बघायची आमच्यात कुणालाच सवय नव्हती. समोर बाभूळ असती तर मी लगेच बोट दाखवलं असतं.

जागेवरून मात्र त्या वेळी एक बोलणं झालं होतं. वरच्या आळीत देवराव पाटलांचं दुमजली घर आहे. ते स्वतः खाली आले आणि अण्णांना म्हणाले, "कंडक्टर, आमच्या माडीवर बसवा की ते. बिलकुल मोकळी जागा हाये. पोरांचं काम हाये, मी कशाला नको म्हणू?"

माणूस चांगला होता, मनापासून म्हणत होता. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पाटील, तुमचं म्हणणं बराबर. पण हे विहारावरच बसंल."

ते गेल्यावर मी अण्णांशी भांडले. माडी उंच आहे, तिथून नुसता फायदा आहे, आणि तुमचा हट्ट कसला? अण्णांनी चहाच्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाले, "मी आठ वर्षांचा असल तेव्हा त्याच माडीखालच्या विहिरीवर आई हंडा घेऊन उभी राह्यची. कुणी वरून पाणी टाकल तेव्हा ते हंड्यात. पाणी तिकडून आलं, लाइट तिकडून आली, रस्ता बी तिकडूनच आला. एक चीज तरी आधी आपल्या दारात येऊ दे, मंग त्यांच्याकडं जाऊ दे." जागा ठरली.

आता अँटेना. लोकांना वाटतं अँटेना ताकद वाढवते. ती काही वाढवत नाही. शेताच्या पल्याड असलेल्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हात तोंडाभोवती धरतो ना, तेवढंच तिचं काम. आवाज तोच, फक्त चहूकडे न सांडता एका बाजूला जातो. सपाट पाटीसारखी अँटेना असते, ती थोडं आजूबाजूलाही बोलते, बसवायला सोपी, पण लांबचं तिला झेपत नाही. जाळीची छत्री असते, ती लांबचं बोलते आणि वारा तिच्यातून निघून जातो. भरीव पत्र्याची छत्री सगळ्यात लांबचं बोलते, पण तिची नजर इतकी अरुंद की एका अंशाने हलली तर नऊ किलोमीटरवर दीडशे मीटर बाजूला जाते. शिवाय वारा तिला शिडासारखा धरतो. मी चार दिवस कागदावर हिशोब मांडून जाळीची छत्री निवडली. आमच्याकडचा आषाढातला वारा मला ठाऊक होता. ती निवड बरोबर होती, हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही.

लिंक लागली. उणे एकोणसाठ. कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची कापडं निघाली. वहिनीने पहिल्या दिवशी माऊस असा धरला होता की जणू तो पळून जाईल. आठवड्यात ती सराव पेपर सोडवायला लागली. पहिल्या पेपरात दोनशेपैकी अठ्ठ्याहत्तर आले तर म्हणाली, "मंग? शून्यापेक्षा बरेच की." चिमी तिच्या पायाशी खडूने जमिनीवर गिरवत बसलेली असायची. वैशाखात मी एकदा गेले तेव्हा अभ्यासिकेच्या दारात बसून आम्ही दोघींनी कैरी खाल्ली होती, तिखट-मीठ लावून. झाडाला तांबूस कोवळी पालवी आली होती आणि ती उन्हात इतकी चमकत होती की वहिनी तिच्याकडे बघत खायचं विसरली. मला वाटलं, हिला झाड फार आवडतं.

वैशाख संपता संपता आकडा चौसष्ट झाला. मी उन्हाळ्याला दोष दिला. ज्येष्ठात अडुसष्ट झाला, तेव्हा व्होल्टेजला. मृगानंतर पंचाहत्तर, तेव्हा अर्थातच पावसाला. ज्याला दोष देता येईल असं काहीतरी आमच्या जिल्ह्यात प्रत्येक महिन्यात मिळतंच. दरम्यान जाहिरात आली. परीक्षा दसऱ्यानंतर. वहिनीचे गुण एकशे वीसवर पोचले होते आणि तिथेच अडकले, कारण पेपर अर्ध्यात तुटायचा. साठाव्या प्रश्नावर पडदा पांढरा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

मग मी ती चूक केली. आकडा घसरतोय म्हणजे अँटेना कमी पडतेय, असं ठरवून टाकलं. चार दिवस बसून जे कागदावर मांडलं होतं ते मी एका चिडलेल्या दुपारी बाजूला सारलं आणि भरीव पत्र्याची मोठी छत्री आणली. अण्णा म्हणाले, "आधीची का काढून राह्यली? बरी होती की." मी म्हणाले, तुम्हाला यातलं कळत नाही. बापाला असं बोलले. भर आषाढात, ओल्या शिडीवर उभी राहून, बोटांची सालं काढत मी ती छत्री चढवली. अण्णांनी खालून शिडी धरली होती.

दोन दिवस आकडा जरा बरा दिसला. मी गावभर मिरवले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि ती छत्री मान हलवायला लागली. इकडे माझ्या मॉनिटरवर आकडा नाचत होता. उणे सत्तर, पंच्याऐंशी, मग काहीच नाही, मग पुन्हा सत्तर. दर दोन दिवसांनी मी गावात जाऊन पाना घेऊन वर चढायचे, ती सरळ करायचे, आणि परत भोकरदनला पोचेपर्यंत ती पुन्हा फिरलेली असायची. श्रावण लागला तेव्हा लिंक मेल्यात जमा होती. अभ्यासिकेतल्या पोरांनी पुन्हा पुस्तकं काढली. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कापड टाकलेलं मी बघितलं आणि मला रडू आलं. मी रडले, लपवत नाही. ज्या एका कामासाठी मी नोकरी सोडून आले होते, ते माझ्याच माणसांसाठी मला जमत नव्हतं.

वहिनी मात्र वागायला तशीच होती. पहाटे उठून पुस्तक, दुपारी पुस्तक. तुटलेल्या पेपरातले प्रश्न तिने वहीत उतरवून घेतले होते, तेच पुन्हा पुन्हा सोडवायची. मला तिच्या शांतपणाचा राग यायला लागला. हिला काळजी कशी वाटत नाही?

भाद्रपदात चार दिवस उघाड पडली. पहिल्याच दुपारी तिचा छतावरून फोन आला तेव्हा मी म्हणाले, वहिनी, आरसा घे आणि विहारावर जा. जिथून सुरुवात केली तिथूनच पुन्हा बघू.

मी दुर्बीण लावली. हवा धुतलेली होती, समोरचा डोंगर हाताला लागेल इतका जवळ वाटत होता. फोन कानाला होता.

"दाखवून राह्यले, ताई. दिसतं का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. नीट धर."

"नीटच धरलाय." आरसा कठड्याला टेकवल्याचा आवाज आला. "ताई, एक बोलू? मी जरा खाली उतरून बघते."

"खाली कशाला? खालून काय दिसणार आहे? वर राहा."

"तुम्ही दुर्बीण सोडू नका," ती म्हणाली आणि फोन हातात धरूनच उतरली असावी. चिमीचा आवाज आला, शेळी ओरडली, कुणाला तरी ती "सरका जरा" म्हणाली. मग आवाज तुटला. मी गावाची कड डावीकडून उजवीकडे बघत राहिले. काही नाही. घाम डोळ्यांत गेला तो पुसला, पुन्हा दुर्बीण लावली. आणि जिथे मी बघतच नव्हते तिथे, विहाराच्या बरंच उजवीकडे आणि खालच्या अंगाला, तो कण चमकला. स्वच्छ. फाल्गुनासारखाच.

फोन लागेना. दहा मिनिटांनी तीच पुन्हा छतावर गेली आणि तिचा फोन आला. "दिसलं?"

"दिसलं! कुठे उभी होतीस तू?"

"आपल्या न्हाणीच्या भिंतीवर." ती हसत होती. "पाय घसरत होता, पण दिसलं ना बराबर?"

न्हाणीची भिंत. आमच्या घराच्या मागच्या बाजूला, जिथे अंघोळीचं पाणी अळूला जातं, ती कमरेएवढी, शेवाळलेली भिंत. विहारापासून मोजून बावीस पावलं. तिच्यापुढे सरळ उतार, मग शेतं, मग भोकरदन. मधे काही नाही. आणि विहाराच्या छतापुढे काय होतं, ते मला तेव्हा, त्या फोनवर, पहिल्यांदा दिसलं. पानांनी गच्च भरलेला, पावसाने भिजलेला पिंपळ. ओल्या पानांच्या भिंतीवर मी दोन महिने ती मोठी छत्री रोखत होते.

मी संध्याकाळच्या एसटीने गावात गेले. वहिनी चुलीपाशी होती. तिने वर न बघताच विचारलं, "तुम्हाला कळलं ना?"

"तुला कधी कळलं?"

"ज्येष्ठातच कळल्तं. पालवी दाटली तसा पेपर तुटायला लागला. मी रोज तिथंच बसून राह्यले ना, दिसतंच की."

"मग बोलली का नाहीस? तुझी परीक्षा आहे, वहिनी! तीन महिने गेले तुझे!"

तिने भाकरी उलटली. "बोलले असते तर कुणीतरी म्हणलं असतं, दोन फांद्या तोडा. मंग दोनाच्या चार. अण्णांनी ते रोप कसं आणल्तं ते मला तुमच्याइतकंच पाठ हाये. माझ्या नोकरीपायी त्याला कुऱ्हाड लागली असती तर ती नोकरी मला गोड लागली असती का?" मग भाकरी निखाऱ्यावर टाकत म्हणाली, "मला वाटलं, ताईंना काहीतरी दुसरं सुचंल. तुम्ही मोठी छत्री आणली."

मला कधी कुणी इतकं हळू आवाजात इतकं मारलेलं नाही.

अण्णा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार, विहाराच्या माथ्यावरची छत्री काढून न्हाणीवर लावायची म्हणजे त्यांचा हट्ट मोडणार. ते आत आले, पाट ओढून बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं लोकांना म्हणलो, सरका पुढं, सरका पुढं. आता झाड मधी उभं हाये तर त्याला काय सरका म्हणू? आपण सरकू की. न्हाणी काय आपली न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. उघाड चारच दिवसांची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पंधरा फूट पाइप हवा होता. देवराव पाटलांच्या आटलेल्या बोअरचा पाइप गोठ्यात पडून होता, तो त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घालून आणला. भावाने रजा टाकून भिंतीच्या पायाशी खड्डा केला. मी जुनी जाळीची छत्री शोधायला लागले तर ती सापडेना. शेवटी वहिनीने अंगणाकडे बोट दाखवलं. छत्री पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबडीची नऊ पिलं चिवचिवत होती. मांजरापासून सांभाळायला तिने ती डालग्यासारखी वापरली होती. पिलं टोपलीखाली गेली आणि छत्री पाइपावर चढली. मी बोटाएवढी डावीकडे, बोटाएवढी उजवीकडे फिरवत होते, वहिनी अभ्यासिकेतून आकडा ओरडत होती. "उणे सत्तर! उणे चौसष्ट! थांबा, मागं गेलं! उणे अठ्ठावन्न! ताई, हात काढा आता, हात काढा!"

न्हाणीपासून विहारापर्यंत केबल दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून आधीच गेली होती. नेट आधी विहारात आलं, आणि पुढच्याच महिन्यात तिथून पाटलांच्या माडीवर गेलं. अण्णांनी ती केबल स्वतः हातात धरून वरच्या आळीपर्यंत नेली.

परीक्षेला पन्नासच्या आसपास दिवस उरले होते. वहिनीने रोज एक पेपर सोडवला, कधी दोन. पुन्हा पाऊस आला, वारा आला, आकडा साठच्या खाली गेला नाही. पिंपळ आपल्या जागी सळसळत होता आणि त्याखाली चिमी बाकीच्या पोरांना खडूने शाळा शिकवत होती. त्या पन्नास दिवसांत मी गावात गेले की वर चढायची गरजच नसायची. तरी मी न्हाणीपाशी जाऊन एकदा मान वर करून बघायचेच.

निकाल लागला तेव्हा तोच पडदा, तोच कॉम्प्युटर. यादी लांबलचक होती. वहिनीने माऊस माझ्या हातात दिला नाही. आपणच खाली खाली सरकवत गेली. नाव जवळपास तळाला होतं, पण रेघेच्या वर होतं. ती उठली, बाहेर गेली, पिंपळाच्या पारावर बसली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. तीन महिन्यांचं सगळं तिने तेव्हा काढलं. अण्णा जवळ उभे होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला.

आज वहिनी जाफराबाद तालुक्यात तलाठी आहे. चिमी तिथल्या शाळेत जाते. भावाने मिल सोडली नाही, पण आता रविवारी तो तिकडे जातो. आमच्या अभ्यासिकेत या वर्षी सात मुली बसतात, त्यांतल्या चौघींची परीक्षा पावसाळ्यात आहे. आणि पिंपळ, ज्याला कुणी कुऱ्हाड लावली नाही, तो इतक्या वर्षांत मनासारखा पसरला. त्याच्या फांद्या न्हाणीच्या समोर आल्या आहेत. आत्ता पानं नाहीत म्हणून आकडा छान दिसतोय. माझ्या जागी कुणी नवीन असता तर या फाल्गुनात निर्धास्त झोपला असता.

मी तशी झोपू शकत नाही. मी वहिनीला फोन केला आणि आकडे सांगितले. ती ऐकत होती, मागे कार्यालयात कुणीतरी सातबारा मागत होतं. "मंग परत सरकायचं," ती म्हणाली. "आरसा तिथंच हाये, खुंटीवर. रविवारी येते. तुम्ही छतावर चढा, आणि दुर्बीण पुसून ठेवा."

काल रविवार होता. दुपार कलल्यावर मी छतावर गेले. फोन लागत नव्हता, म्हणजे ती कुठेतरी खाली हिंडत होती. मी पिंपळ शोधला. त्याच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, न्हाणी बघितली. अर्धा तास गेला. मग चमक दिसली, पण ती खालच्या आळीत नव्हतीच. बरीच वर होती, डोंगराच्या अंगाला. आणि ती स्थिर नव्हती. थरथरत होती, विझत होती, पुन्हा पेटत होती.

इतक्यात फोन लागला. मी ओरडलेच, "वहिनी, आरसा नीट धर! हलतोय नुसता!"

"माझ्या हातात न्हाईये, ताई. अण्णांच्या हातात हाये."

"अण्णा? कुठे आहात तुम्ही?"

"पाटलांच्या माडीवर. सोळा पायऱ्या हायेत, दोनदा बसले, पण चढले. देवरावकाका खालून म्हणत होते, मी वर जाऊन धरतो आरसा, कंडक्टर, तुम्ही कशाला. तर अण्णा म्हणाले, मागायला न्हाई आलो, बसवायला आलोय." मागून अण्णांचा आवाज आला, मोठ्याने, बसच्या मागच्या बाकापर्यंत जायचा तसा. "दिसतं का म्हणावं तिला?"

नऊ किलोमीटरवर अण्णांच्या हातात तो उजेड थरथरत होता. मी दुर्बीण खाली ठेवली. तिची गरज नव्हती.

"दिसतंय," मी म्हणाले. "अण्णांना सांग, बराबर दिसतंय."